बाई, लवंग खिशातच राह्यली

वाचणाऱ्यांनो, रुमाल काढला असंल तर घडी घालून परत खिशात ठेवा. स्मृतिलेख म्हणल्यावर तुमाला वाटलं असंल, आता हा सांगणार की बाई कुठं जन्मल्या, कुठं शिकल्या, किती प्रेमळ होत्या, आन त्यांच्या जाण्यानं कशी पोकळी निर्माण झाली. बाईंनी हे ऐकलं असतं तर म्हणल्या असत्या, "पोकळी दातात पडते. डॉक्टरकडे जा, भरून घे."

आन जे मला वळखतात त्यायला वाटलं असंल, हा आमोस आता बाईंचा आवाज काढणार. ते पण न्हाई. कागदावर आवाज निघत न्हाई. मला बाईंशीच बोलायचंय. तुम्ही बाजूला बसा, ऐका, मधे मधे करू नका.

तर बाई.

तुमचा आवाज मला पाचवीत सापडला. तुम्ही हजेरी घेता घेता ऑफिसात गेल्त्या, आन मी तुमच्या खुर्चीपाशी उभा राहून बाकीची हजेरी घेऊन राह्यलतो. मान जराशी वाकडी, नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "असं बघ, गैरहजर मुलानं हजर म्हणायचं नाही." पोरं बाकावर लोळून राह्यलती. मंग वर्ग एकदम गप झाला. मागं कोण येऊन उभं हाय ते नकला करणाऱ्याला सांगावं लागत न्हाई. मी वळलोच न्हाई.

तुम्ही म्हणल्या, "थांबलास काऊन? हजेरी अर्धी सोडायची नाही." आन शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मी घाबरून सगळी नावं घेतली, तुमच्याच आवाजात, कारण दुसरा कोणता आवाज त्या टायमाला निघंचना. सगळी नावं संपली तसं तुम्ही मागून म्हणल्या, "हजर."

मंग जवळ बोलवून हळूच सांगितलं, "आवाज बराबर आहे. लवंग राहिली." तेव्हा मला कळालं, तुम्ही दाढेखाली कायम लवंग धरता, म्हणून तुमचा 'स' जरासा ओला आन गरम निघतो. पर्समधल्या पत्र्याच्या डबीतून एक काढून माझ्या हातावर ठेवली. जीभ पोळली, पण 'स' सापडला. त्या दिवसापासून जालन्यात तुमचा आवाज दोन ठिकाणाहून निघायला लागला.

बायकायचे आवाज मला लई चांगले येतात, हे तुमाला माहीत हाय. पोरं त्याच्यावरून काय म्हणायची ते पण माहीत हाय. पप्पा म्हणायचे, "पोलिसाचा काढ, हेडमास्तरचा काढ. बाईमाणसाचा काऊन काढतो?" माझा स्वतःचा आवाज कोणता, हे कोणी विचारलं न्हाई, आन माझी त्याला काही तक्रार न्हवती. दुसऱ्याच्या आवाजात बोललं की शिव्या पण दुसऱ्यालाच बसल्यासारख्या वाटतात.

मंग मी मोठा झालो, निदान दिसायला. पप्पांनी लग्न जमवलं. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, माझे पप्पा बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला आन चर्चमधे पंच, दानाचा हिशोब बघणारे, म्हणजे दोन्हीकडं पाकीट बंद करायचं काम. पोरगी अंबडची, रूथ. हुशार, नर्सिंगला जायचं म्हणणारी. आपल्या चर्चचा नेम असा की लग्नाआधी जोडप्यानं तुम्ही चर्चसाठी घेता त्या वर्गाला यायचं. शनिवारी दुपारी, जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावरची तुमची खोली. खाली गिऱ्हाईक अस्तर मागून राह्यलंय आन वर तुम्ही शरीराबद्दल शिकवून राह्यल्या.

काय वर्ग होता बाई तो! बाकी सगळे आम्हाला सांगायचे, पवित्र राहा. कसं राहायचं, कशापासून, ते कोणी सांगंना. तुम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर 'लैंगिक संबंध' लिहिलं आन आमच्या तीन जोडप्यांकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. "अजून हसू येतंय ना? परत म्हणा. हसू संपलं की शिकवायला लागते." आम्ही मोठ्यानं म्हणून राह्यलो. खालचा शेठ म्हणे त्या दिवशी ब्लाउजपीसच्या जागी अख्खी साडी फाडून बसला.

हसू संपल्यावर मात्र तुम्ही जे बोलल्या ते मला अजून तोंडपाठ हाय. देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात केलं ते गळ्याच्या वरच केलं असं कुठं लिहिलेलं नाही. खाली पण त्यानंच केलं, आन चांगलं म्हणला. मंग नवऱ्या पोरांकडं बघून म्हणल्या, "तुमच्या घरात तिला 'नको' म्हणता येईल का? 'नको' म्हणायची सोय नसेल तर तिच्या 'हो'वर भरवसा ठेवू नका." तीनही नवरे चपलाकडं बघून राह्यलते. त्यातला एक मी.

शेवटच्या शनिवारी तुम्ही प्रत्येकाला विचारलं, हे लग्न काऊन करायचंय. माझा नंबर आला. मी म्हणलो, "घरात सून पाहिजे, मम्मीला आराम पाहिजे, आन देवाची इच्छा दिसून राह्यली."

तुम्ही चष्मा खाली केला. "हे तुझ्या पप्पांच्या आवाजात झालं. आता तुझ्या."

बाई, मी नक्कल करून राह्यलो न्हवतो! पण तुम्ही म्हणल्यावर मलाच ऐकू आलं. छातीत अडकून निघणारा, वाक्याच्या शेवटी दार लोटून घेणारा आवाज. शंभर टक्के पप्पा. मी परत सुरू केलं तर पास्टरसाहेब निघाले, नाकातून. तिसऱ्यांदा काहीच निघालं न्हाई. रूथ खुदकन हसली. तुम्ही हसल्या न्हाई. म्हणल्या, "वर्ग सुटल्यावर थांब. मेथी निवडायचीय."

मेथी निवडता निवडता मी सांगितलं. मला पोरी तशा आवडत न्हाईत. पोरं आवडतात. पहिल्यापासून.

तुमच्या हातातली काडी तशीच राह्यली. "माझ्या देवा," म्हणल्या. मला वाटलं, गेलं, हे पण दार गेलं. मी उठायला लागलो तसं तुम्ही म्हणल्या, "बस खाली. हात रिकामे असले की तू नाटक करतोस. निवड." मंग म्हणल्या, "असं बघ आमोस. मला याच्यावर काय बोलायचं ते कोणी शिकवलेलं नाही. म्हणून आज मी काही बोलत नाही. जेवून जा."

तुम्ही काही पहिल्या दिवसापासून संत न्हवत्या, हे इथं सांगून टाकतो, न्हाई तर लोकं तुमचा फोटो लावतील. मी बदलावं म्हणून तुम्ही शुक्रवारचे उपास धरले. मला सांगून धरले, म्हणजे माझा पण घास अडकावा. मंग एका शुक्रवारी मी आलो तर तुम्ही मजेत पोहे खाऊन राह्यलत्या. मी म्हणलो, "बाई, उपास?" तर म्हणल्या, "सोडला. मला वाटलं मी तुझ्यासाठी उपाशी आहे. बसून विचार केला तर कळालं, मी माझ्या भीतीसाठी उपाशी आहे. भीतीला कशाला उपास? शेव घे."

पण लग्नाच्या बाबतीत तुम्ही बिलकुल सोडलं न्हाई. "तुझं मी कोणाला सांगणार नाही. पण खोट्यावर संसार उभा केलास तर राहायला ती पोरगी पण येणार आहे. तिला आधी सांग."

मी तुमच्याच जिन्यात रूथला सांगितलं. ती म्हणली, "मला वाटलंच होतं. मला बघायला आलता आन सगळा टाइम माझ्या भावाच्या केसायची तारीफ करून राह्यलता." मंग म्हणली, "मला पण आता लग्न नको, मला नर्सिंगला जायचंय. पण मी न्हाई म्हणलं तर माझा बाप म्हणंल, पोरगी जास्त शिकून राह्यली. तू हरकत घे ना."

आता हरकत घ्यायची जागा आपल्याकडं एकच. लग्नाआधी तीन रविवार पास्टरसाहेब चर्चमधे सूचना वाचतात, अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी. आन मंग थांबतात. आजपर्यंत त्या थांबण्यात लेकरू रडलंय, एकदा शेळी आत आली, पण माणूस कोणी उभा राह्यला न्हाई. आन आपल्याच लग्नाला हरकत घेणारा नवरदेव तर इस्राएलात पण झाला नसंल.

पहिला रविवार गेला. पप्पा पहिल्या बाकावर नवीन शर्ट घालून बसल्ते. दुसरा गेला. तुम्ही बाहेर निघताना नुसतं माझ्या चपलाशेजारी तुमची चप्पल ठेवून उभ्या राह्यल्या. तिसऱ्या रविवारी पास्टरसाहेब म्हणले, "हरकत असल्यास आताच सांगावी," आन थांबले. माझे पाय उठले. तोंड उघडलं. आन निघाला तुमचा आवाज.

"माझी हरकत आहे!"

लवंगेसकट, बाई! ओल्या 'स'ची गरज न्हवती तरी. अख्खं चर्च गर्रकन बायकायच्या बाजूला वळलं. तुम्ही तोंड मिटून, मांडीवर आपलं शास्त्र, बायबल, घेऊन बसलेल्या. पास्टरसाहेब म्हणले, "बाई? तुमची काय हरकत आहे?"

तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मला वाटलं, वाचलो, बाई सांभाळून घेतील. आन तुम्ही काय म्हणल्या? "माझी काही हरकत नाही. ज्याची आहे त्यानं माझा गळा मला परत द्यावा आणि स्वतःच्या तोंडानं बोलावं. मी उभी आहे तोपर्यंत. जल्दी कर, गुडघे दुखतात."

मंग जो निघाला तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बारीक, चिरका, मधेच फाटणारा. नक्कल करायच्या पण लायकीचा न्हाई. म्हणलो, "मला हे लग्न न्हाई करायचं. रूथमधे काही कमी न्हाई. माझ्यात पण कमी न्हाई. पण मला तिचा नवरा व्हायला खोटं बोलावं लागंल." आन बसलो. तुम्ही पण बसल्या. पास्टरसाहेबांना पुढचं गीत सापडंना.

पुढच्या आठवड्यात पप्पा मला गाडीवर बसवून बाहेरगावच्या एका चंगाई सभेला, प्रार्थनेनं माणसं बरी करतात तिथं, घेऊन गेले. मम्मीनं तुमाला फोन केल्ता, म्हणून आम्ही पोहोचायच्या आत तुम्ही रिक्षानं येऊन दुसऱ्या लाइनीत बसल्त्या. मी पुढं जाताना माझ्या कानात म्हणल्या, "पडायचं नाटक करू नकोस. उभं राहावं वाटलं तर उभा राहा."

ते बाहेरून आलेले प्रचारक एकेकाच्या कपाळावर हात ठेवायचे आन माणूस धाडकन मागं. माझ्याजवळ आले. ढकललं. मी उभा. परत ढकललं. उभा. मंग ते माझ्यातल्या आत्म्यावर खेकसले, "तू कोण आहेस? नाव सांग!"

बाई, आईची शप्पथ, मी घाबरलतो. आन घाबरलो की समोरच्याचाच आवाज निघतो, त्याला मी काय करू? मी त्यांच्याच खर्जात, त्यांच्याच सारखा घसा खरवडून म्हणलो, "तू कोण आहेस? नाव सांग!"

पुढच्या दोन लाइनी खुर्च्यासकट मागं सरकल्या. एक आजी पळाली. प्रचारकांच्या हातातला माइक कुई करायला लागला. तेव्हा तुमचा आवाज आला, खरा, तुमच्या स्वतःच्या गळ्यातून, हजेरी घेतल्यासारखा. "त्याचं नाव आमोस आहे. आमचा आहे. घाबरू नका, त्याला सवय आहे."

मी काही बरा-बिरा झालो न्हाई त्या दिवशी. पण 'तू कोण' याचं उत्तर भर सभेत कोणीतरी माझ्या वतीनं इतकं सोपं दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पप्पा तडक गाडी काढून एकटे गेले. तुम्ही मला रसवंतीवर बसवलं. घुंगरं वाजून राह्यलती, तुम्ही रसात आलं जास्त टाकायला लावलं आन म्हणल्या, "चंगाईची गरज आहे, हे खरं आहे. पण तुटलंय कुठं ते त्यांनी चुकीच्या जागी दाबून बघितलं. तुझं तुझ्या पप्पांशी तुटलंय. आपण त्याची प्रार्थना करू." मी म्हणलो, "बाई, अशा चंगाईला टाइम किती लागतो?" तुम्ही म्हणल्या, "रस पी."

त्या दिवसापासून पप्पा माझ्याशी बोलले न्हाईत. रागवले पण न्हाईत. "त्याला सांग जेवायला ये," हे मम्मीला. मी समोर बसलेला. दोन वर्षं होत आली. मला धास्ती दुसरीच होती, बाई, तुमाला एकदा बोललतो. पप्पांची नक्कल माझ्या हातातून सुटत चाललती. समोरचा माणूस बोलायचा बंद झाला की आवाज शिळा होतो. मी एकटा असलो की काढून बघायचो, "पोलिसाचा काढ, हेडमास्तरचा काढ." दर महिन्याला जरासा कमी पप्पा.

तुम्ही काय करायच्या? दर रविवारी चर्च सुटल्यावर पप्पांना गाठायच्या आन नुसतं विचारायच्या, "आमोस काय म्हणतो?" पप्पा म्हणायचे, "मला काय माहीत." तुम्ही म्हणायच्या, "मग विचारा आणि पुढच्या रविवारी सांगा." पुढच्या रविवारी परत. पप्पा तुमाला बघून मागच्या दारानं निघायला लागले, तर तुम्ही मागच्या दाराला.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राह्यलं. तुम्ही म्हणायच्या, "एकटा राहा, पण लपून राहू नकोस." मी म्हणायचो, "एकटं काऊन राहायचं, बाई? माणूस एकटा असणं बरं न्हाई, हे पहिल्याच पानावर हाय, तुम्हीच शिकवलं." तुम्ही चिडायच्या. "मला शास्त्र शिकवतोस?" मी म्हणायचो, "तुम्हीच म्हणल्या ना, प्रश्न विचारा." मंग चहा व्हायचा. मी परत विचारायचो, तुम्ही परत चिडायच्या. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा नळी लावलेल्या हातानं माझं बोट धरून तुम्ही म्हणल्या, "तुझ्या प्रश्नावर माझं चालू आहे अजून. 'हो' म्हणाले नाही. 'नाही' म्हणायचं मात्र बंद केलंय, लक्षात आलं का?" आलतं, बाई. लई आधी आलतं.

आता तुम्ही जिथं गेल्या तिथं देवालाच विचारून घ्या डायरेक्ट. चष्मा खाली करून विचारा. तो पण उभा राहंल.

तर परवाच्या रविवारी तुमच्या आठवणीची सभा झाली. चर्च भरलेलं. भोकरदनहून, घनसावंगीहून तुमचे जुने विद्यार्थी आलते, बायकापोरासकट, सगळे तुमच्या वर्गातून पास झालेले नवरे. रूथ आलती, नर्सिंगच्या कॉलेजातून सुट्टी काढून. तुमच्या धाकट्या बहिणीनं, शांतामावशीनं, तुमची पत्र्याची डबी उघडून एक लवंग माझ्या हातावर ठेवली. "घे. लोकायला एकदा बाई ऐकव."

मी पुढं गेलो. सगळे आधीच हसायच्या तयारीत. पप्पा माइकच्या वायरपाशी उभे, पंच म्हणून. मी लवंग तोंडात टाकणार होतो, खरंच. मंग तुमची आठवण आली, गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राह्यलेल्या. लवंग खिशात टाकली.

त्याच बारीक, फाटक्या आवाजात म्हणलो, "मी आमोस. बाईंचा विद्यार्थी. मी कसा हाय ते इथं सगळ्यायला माहीत हाय, आन सगळे माहीत नसल्यासारखं करून राह्यले. बाईंना माहीत होतं आन त्या माहीत असल्यासारख्याच वागल्या. मला जेवायला वाढलं, माझ्याशी भांडल्या, मला रागवल्या. आपलं माणूस म्हणजे एवढंच असतं, असं मला वाटतं." अजून काहीबाही बोललो. मधेच रडलो, मधेच एक जोक मारला, तो पडला. खाली उतरलो.

शांतामावशीनं दारातच धरलं. "मेल्या! लोकं एवढ्या लांबून बाईचा आवाज ऐकायला आलते, आन तू स्वतःचंच काय वाजवत बसला? लवंग दे परत!" मी दिली न्हाई.

बाहेर लिंबाखाली पप्पा गाडीला किक मारून राह्यलते. मी नेहमीसारखा रिक्षाच्या बाजूला वळलो.

"ए."

बाई, मी आजूबाजूला बघितलं. मम्मी तिथं न्हवती.

"तुलाच म्हणून राह्यलो. शर्ट खोचता येत न्हाई? एवढ्या लोकायसमोर उभा राह्यला, गबाळ्यासारखा! आन माइक एवढा तोंडात घालून बोलत असतात का? निम्मं कळालंच न्हाई मला. रडायचं तर आधी रडून घ्यायचं, मंग बोलायचं. एवढे दिवस बाईकडं जाऊन काय शिकला? आन ते केस! कापायला काय होतं? बघतो काय माझ्याकडं? बस मागं."

छातीत अडकलेला, शेवटाला दार लोटून घेणारा. सगळा ताजा. मी एक एक शब्द गोळा करत बसलो मागच्या सीटवर.

"आन दात काढू नको. नीट धरून बस."